पोकळ लाकडी सर्फबोर्डचं किट: सुतारकामाला पैकीच्या पैकी, ग्लासिंगला काठावर पास

आधी निकाल सांगते, मग पुराण. नऊ फुटी पोकळ लाकडी सर्फबोर्ड घरी बांधायचं हे किट मला ७५० डॉलरला पडलं, हशील (पाठवणीचा खर्च) वेगळं. लाकूड उत्तम, कापणी चोख, आणि कामाला एकदा हात घातला की रात्रीचं जेवण लांबतं. पण असा बोर्ड पाण्यात टिकतो तो बाहेरच्या फायबरग्लास (काचेच्या धाग्यांचं कापड) आणि रेझिन (घट्ट होऊन कडक बनणारा राळेसारखा द्रव) यांच्या थरामुळे, आणि त्या कामावर, म्हणजे ग्लासिंगवर, पुस्तिकेत जेमतेम दीड पान आहे. खोक्यात तर त्याचं काहीच सामान नाही. त्यामुळे हे परीक्षण निम्मं किटचं आणि निम्मं मी बाहेरून आणलेल्या सामानाचं आहे.

दुकानाचं नाव देत नाही. दोघातिघांचा धंदा आहे, माणसं भली आहेत, आणि माझ्या तक्रारी ‘किट घेण्याआधी काय विचारून घ्यावं’ याच सदरातल्या आहेत.

मी अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात डोव्हरला राहते. राय गावचा जेनेस बीच गाडीने अर्ध्या तासावर. इथे उन्हाळ्यातसुद्धा वेटसूट चढवावा लागतो आणि हिवाळ्यात तर पाच-सहा मिलिमीटर जाडीचा, डोकं झाकणारा. चांगल्या लाटा शरद ऋतूत, अटलांटिकमध्ये चक्रीवादळं फिरत असतात तेव्हा. म्हणजे थंडीचे महिने बांधकामाला मोकळे, पण नेमकं तेव्हाच गॅरेज गोठलेलं. हा थंडीचा मुद्दा पुढे बराच छळणार आहे. माहेर मालवणचं, बाबांनी उभी हयात होड्यांच्या डागडुजीत काढली, त्यामुळे रंधा आणि पटाशी मला कुणी शिकवावी लागली नाही. रेझिन मात्र नवं होतं.

खोक्यात येतं ते असं: प्लायवूडचा लांब कणा, त्यात खाचांमध्ये बसणाऱ्या बरगड्या, डेक (वरची बाजू) आणि तळासाठी सहा मिलिमीटर जाडीच्या फळ्या, कडेच्या रेलसाठी लांबच लांब पट्ट्या, नोज आणि टेलसाठी (पुढचं आणि मागचं टोक) भरीव ठोकळे, पूर्ण मापाचा नकाशा आणि पुस्तिका. कणा आणि बरगड्या यंत्रावर कापलेल्या असतात. खाचेत खाच बसवली की बांगड्याचा काटा ताटात मांडून ठेवावा तसा सांगाडा समोर उभा राहतो. कुठेही ठोकाठोकी नाही, कुठेही ढिलं नाही. कापणाऱ्याला सलाम.

लाकूड नॉर्दर्न व्हाइट सीडर. शेजारच्या मेन राज्यात आणि आमच्याकडे दलदलीच्या कडेला वाढणारं झाड, फिकट, गाठी बारीक, वजन घनमीटरला साधारण ३५० किलो. आपलं सागवान ६५०च्या आसपास जातं, यावरून अंदाज करा. सर्फबोर्डांचं नावाजलेलं लाकूड म्हणजे इक्वेडोरचं बाल्सा. ते १५० किलोलाही मिळतं, पण नखाने दबतं. पावलोनिया मध्ये कुठेतरी, २८०च्या आसपास. माझ्या किटमध्ये शोभेसाठी वेस्टर्न रेड सीडरच्या दोन तांबूस पट्ट्या होत्या. दिसायला देखण्या, पण त्या लाकडाच्या भुशात प्लिकॅटिक ॲसिड असतं आणि त्याने दमा होतो. सुतारांमध्ये हा आजार चांगला नोंदलेला आहे. पुस्तिकेत यावर अवाक्षर नाही. मास्क पहिल्या करवतीपासून लावा, घासायला बसाल तेव्हापासून नव्हे.

पोकळ बोर्ड ही आजकालची टूम नाही, हे मुद्दाम लिहिते, कारण ‘हे टिकतं का?’ हा प्रश्न मला किनाऱ्यावर प्रत्येक जण विचारतो. टॉम ब्लेक नावाच्या माणसाने १९२०च्या दशकात होनोलुलूच्या बिशप म्युझियममधले जुने हवाईयन बोर्ड दुरुस्त केले आणि तसेच स्वतः बांधायला घेतले. भरीव लाकूड फार जड, म्हणून त्याने फळीत शेकडो भोकं पाडली आणि वरून पातळ लाकूड चिकटवून ती बंद केली. १९२८ साली कॅलिफोर्नियात कोरोना डेल मारची स्पर्धा त्याने जिंकली. पुढे भोकांची जागा सांगाड्याने घेतली, आणि १९३२ साली त्याला ‘वॉटर स्लेड’ या नावाने पेटंट मिळालं. त्या बोर्डांवर फक्त वॉर्निश असायचं. सांधे झिरपायचे, आत पाणी साचायचं, म्हणून बूच ठेवलेलं असायचं. किनाऱ्यावर आलं की बूच काढून बोर्ड उपडा करायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लास आणि रेझिन हाताशी आलं, बाल्सावर चढलं, आणि १९५८च्या सुमारास होबी आल्टरने फोमचे बोर्ड बाजारात आणल्यावर लाकडाचे दिवस भरले. मग ५ डिसेंबर २००५ रोजी क्लार्क फोम ही फोमचे गाभे पुरवणारी सर्वांत मोठी कंपनी मालकाने एका दिवसात बंद केली आणि अर्ध्या जगातल्या बोर्ड बनवणाऱ्यांना दुसरं काय वापरता येईल याचा विचार करावा लागला. लाकूड पुन्हा चर्चेत यायला ती एक चांगली वेळ मिळाली. सांगायचं ते एवढंच, की ब्लेकच्या बोर्डात आणि माझ्या बोर्डात सांगाड्याचा फरक थोडा आहे. खरा फरक बाहेरच्या काचेच्या कापडाचा आहे.

बांधणीकडे वळते. तळाच्या फळ्या कडेला कड लावून चिकटवायच्या, त्यावर सांगाडा बसवायचा, आणि बोर्डला लांबीत जी वर उचललेली गोलाई असते, म्हणजे रॉकर, ती खालच्या घोड्यांवर ठोकळे देऊन पक्की करायची. डिंक किटमध्ये नाही. मी टाइटबाँड थ्री वापरला. पाण्याला दाद देत नाही, पुसायला सोपा, पण आठ अंशांच्या खाली चिकटत नाही आणि खडूसारखा पांढरा पडतो. इथे डिसेंबरात गॅरेज आपणहून त्याच्या खालीच असतं. हीटरचा खर्च किटच्या किमतीत धरून चला.

सगळ्यांत देखणं काम रेलचं. प्रत्येक पट्टीची एक कड गोल आणि दुसरी खोलगट असते, खालच्या पट्टीच्या गोलावर वरच्या पट्टीचा खोलगट भाग बसतो, त्यामुळे वळण घेतानाही फट पडत नाही. पट्टी एकाच वेळी दोन दिशांना वाकते, शिवाय टेलकडे थोडी पिळतेही. क्लॅम्प जितके असतील तितके कमी पडतात. शेजाऱ्याकडचे मागून आणले, मग सायकलच्या जुन्या ट्यूब फाडून त्या गुंडाळल्या, आणि खरं सांगायचं तर ट्यूबच जास्त कामाला आल्या. टेलजवळ वाक फार असेल तिथे गरम पाण्यात पिळलेलं फडकं पट्टीवर ठेवून इस्त्री फिरवली की सीडर निमूट ऐकतं.

इथे किटची पहिली तक्रार. खोलगट कडेचे काठ पातळ असतात आणि वाटेत खोकं आपटलं की तेच आधी तुटतात. माझ्या दोन पट्ट्या चेपलेल्या निघाल्या. फोटो पाठवल्यावर आठवड्यात नव्या आल्या, एक पैसाही न घेता. म्हणजे सेवा चांगली, बांधाबांध वाईट. खोकं आलं की त्याच दिवशी प्रत्येक पट्टी हातातून काढा.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. डेक बंद करण्याआधी आत भरीव ठोकळे चिकटवावे लागतात: फिन (तळाचं सुकाणूसारखं पातं) जिथे बसणार तिथे, पायाला बांधायची लीश (दोरी) जिथे अडकणार तिथे, आणि हवेचं भोक जिथे पडणार तिथे. नकाशात फिनचा ठोकळा ठळक आहे, लीशचा पुसट आहे आणि हवेच्या भोकाचा नाहीच. तो पुस्तिकेच्या शेवटी एका वाक्यात येतो, जेव्हा डेक कधीच बंद झालेला असतो. मी पुस्तिका आधी शेवटपर्यंत वाचली म्हणून निभावलं. डेक चिकटवण्याआधी आतल्या प्रत्येक ठोकळ्यावर मोजपट्टी ठेवून फोटो काढा. नंतर तिथे पोचायला वाट नाही.

डेक बंद झाला की रंधा हातात घ्यायचा आणि चौकोनी कडा गोल करायच्या. यावर मी जास्त लिहीत नाही, कारण हे ज्याने केलंय त्याला सांगायला नको आणि ज्याने केलं नाही त्याला सांगून उपयोग नाही. एक मात्र नोंदवते: बोर्डची रुंदी मध्यावर सगळ्यांत जास्त, त्यामुळे लाकडाचे रेशे मध्यापासून नोजकडे आणि मध्यापासून टेलकडे उलट्या दिशांना उतरतात. रंधा नेहमी मध्यावरून टोकाकडे. उलटा चालवलात तर ढलप्या निघतात, आणि ग्लासिंगनंतर त्या खड्ड्यात पारदर्शक रेझिन भरून तो कायमचा दिसत राहतो.

बाबांना व्हिडिओवर दाखवला तेव्हा त्यांनी बोर्ड चारी बाजूंनी फिरवायला लावला, रेलवर बोट फिरवल्यासारखं केलं, मग विचारलं, “किती पैशे घातलंस गो?” आकडा रुपयांत सांगितल्यावर म्हणाले, “इतक्यात हय बारकी होडी झाली असती.” झाली असती, बाबा.

आता ग्लासिंग. मालवणात गेल्या काही दशकांत लाकडी होड्यांच्या जागी ‘फायबर’च्या आल्या, त्यामुळे हा वास बाबांना आणि मला दोघांनाही ओळखीचा आहे, निदान मला तसं वाटत होतं. पण होड्यांना वापरतात ते पॉलिएस्टर रेझिन. नाकात जाणारा तो उग्र वास त्यातल्या स्टायरीनचा. पॉलिएस्टर स्वस्त आहे, फोमच्या बहुतेक बोर्डांवरही तेच असतं, पण लाकडाला ते इपॉक्सी या दुसऱ्या प्रकारच्या रेझिनसारखं धरत नाही. लाकडी बोर्डला इपॉक्सीच घ्या. इथे काटकसर करायची असेल तर किटच घेऊ नका.

मी वेस्ट सिस्टीमचं १०५ रेझिन आणि ते घट्ट करणारं २०७ हार्डनर घेतलं. मिशिगनमधल्या बे सिटीच्या गुजन बंधूंनी १९६९ साली सुरू केलेली ही कंपनी. बर्फावरून घसरणाऱ्या शिडाच्या बोटी बांधता बांधता लाकडावर इपॉक्सी कसं वापरायचं याचं शास्त्रच त्यांनी उभं केलं. २०७ घेतलं कारण ते पारदर्शक राहतं. साधी हार्डनरं थोडी पिवळसर, होडीच्या पोटात चालतील, पण इतकं लाकूड रंधून वर पिवळी झाक कोण आणणार? किंमत बोचते. बाटलीवर लिहिल्याप्रमाणे वागणारा माल आहे, आणि या कामात तेवढंच हवं असतं.

प्रमाण तीनास एक, आकारमानाने. बाटल्यांना पंप येतात, रेझिनचा एक दाब आणि हार्डनरचा एक दाब, हिशोब पंपातच बसवलेला. पंप आधी भांड्यात दाबून त्यातली हवा काढा, नाहीतर पहिलाच दाब अर्धा पडतो. फायबरच्या कामातून आलेल्या माणसांची एक सवय इथे घातक ठरते: पॉलिएस्टरला थंडीत दोन थेंब कॅटॅलिस्ट (ते धरायला लावणारं द्रव्य) जास्त घातलं की ते लवकर धरतं. इपॉक्सीत हार्डनर हा निम्मा संसार आहे. जास्त घातलंत तर जास्तीचं तसंच उरतं आणि थर कायमचा मऊ राहतो. लवकर हवं असेल तर उब वाढवा, हार्डनर नव्हे.

आणि उब हेच या सगळ्याचं मर्म आहे. बावीस अंशांना कपातलं मिश्रण वीस-पंचवीस मिनिटांत घट्ट व्हायला लागतं. घट्ट होताना ते स्वतःच तापतं, आणि उंच कपात ठेवलं तर ती उष्णता बाहेर पडायला जागा नसते, मग कप हातात धरवत नाही, धूरही येतो. म्हणून मिसळून झालं की लगेच पसरट ट्रेमध्ये ओता, वेळ वाढून मिळतो. उलट सोळा अंशांच्या खाली ते मधासारखं दाटतं आणि कापडात शिरत नाही. किटच्या पुस्तिकेत लिहिलंय, ‘उबदार जागेत काम करा.’ एवढंच. उबदार म्हणजे किती, आणि त्याहून महत्त्वाचं, उब चढती असावी की उतरती?

लाकडाच्या छिद्रांत हवा असते. लाकूड तापत असेल तर ती हवा फुगून बाहेर यायला बघते आणि ओल्या रेझिनमध्ये बुडबुडे धरते. लाकूड निवत असेल तर हवा आकसते आणि रेझिन आत ओढून घेते. मी उरलेल्या फळीचे दोन तुकडे घेतले. एकावर हीटर चालू करून गॅरेज तापत असताना हात मारला, दुसऱ्यावर सकाळभर तापवून, हीटर बंद करून, तासाभराने. पहिल्यावर रात्रभरात टाचणीच्या डोक्याएवढ्या फोडांची रांग उठली. दुसरा आरशासारखा. तोच डबा, तेच लाकूड, तोच ब्रश. हे एक वाक्य पुस्तिकेत असतं तर मी ग्लासिंगला अजून दोन गुण दिले असते.

कापड तळाला चार औंसाचं घेतलं, डेकला सहा औंसाचं. म्हणजे चौरस मीटरला अनुक्रमे १३५ आणि २०० ग्रॅमच्या आसपास. डेकवर गुडघे, टाचा, सगळं पडतं, तिथे जाड हवंच. कोरडं असताना हे कापड पांढरंशुभ्र असतं आणि लाकूड पूर्ण झाकून टाकतं, बघून धस्स होतं. पण काचेचा आणि इपॉक्सीचा प्रकाश वाकवण्याचा गुण जवळपास सारखा असल्याने, रेझिन भिनलं की कापड नाहीसंच होतं आणि खालचं सीडर ओलं केल्यासारखं गडद होऊन वर येतं. जिथे पांढुरकं राहील तिथे रेझिन पोचलेलं नाही, हे साध्या डोळ्यांना कळतं.

कापडाआधी मी लाकडाला एक पातळ हात दिला आणि तो धरल्यावर हलकासा घासला. काही जण हा हात गाळून कोरड्या लाकडावर थेट कापड टाकतात. सीडर तहानलेलं लाकूड आहे. कापडातलं रेझिन ते पिऊन टाकतं आणि तासाभराने ठिकठिकाणी जाळी उघडी पडते. दहा-बारा डॉलरचं रेझिन जास्त लागतं, लागू दे.

मग कापड टाकायचं, हाताने सारखं करायचं, रेलवरून खाली पाचेक सेंटिमीटर लोंबतं ठेवायचं, नोज आणि टेलपाशी कात्रीने चिरा द्यायच्या म्हणजे सुरकुती पडत नाही. मधोमध रेझिन ओतायचं आणि स्क्वीजीने (रेझिन पसरायची लवचिक पट्टी) कडांकडे न्यायचं. जोर किती द्यायचा हे सांगून कळत नाही पण बघून कळतं: पृष्ठभाग तकतकीत दिसतोय म्हणजे रेझिन जास्त आणि कापड त्यावर तरंगतंय, कापडाची वीण दिसतेय आणि चमक मंद आहे म्हणजे बरोबर. रेझिन जास्त ठेवून ताकद वाढत नाही, फक्त वजन वाढतं. कडेला लोंबणारं कापड चिवट झालं, पण कडक झालं नाही, त्या तासाभरात धारदार ब्लेडने कापा. ती वेळ टळली की करवत लागते. तळाचं कापड वर वळतं, डेकचं खाली वळतं, त्यामुळे रेलवर आपोआप दोन थर बसतात, आणि बोर्ड आपटतो तो नेहमी रेलवरच.

वीण भरायला वरून आणखी दोन हात, आधीचा हात बोटाला चिकट लागतो पण बोटाला येत नाही अशा अवस्थेत, म्हणजे मध्ये घासावं लागत नाही. नंतरची घासणी कंटाळवाणी आहे, त्यावर परिच्छेद खर्च करत नाही. ८०, १२०, २२० नंबरचे कागद, आणि रेलवर मशीन अजिबात लावू नका. तिथे क्षणात कापडापर्यंत पोचतं. हातमोजे नायट्राइलचे, शेवटपर्यंत. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की पुढच्या प्रत्येक वेळी ती वाढत जाते, आणि कच्च्या थराचा भुसाही तितकाच वाईट. हाताला लागलं तर ॲसिटोन चोळू नका, ते रेझिन पातळ करून कातडीत मुरवतं, साबण-पाणी पुरे.

शेवटी वॉर्निश. २०७मध्ये उन्हाला अडवणारं द्रव्य आहे, तरी कंपनी स्वतःच वरून वॉर्निश लावायला सांगते, कारण इपॉक्सी उन्हात पिवळं पडून भुकटी होतं. बोटींना लावतात ते स्पार वॉर्निश लावलं, तीन हात. किटवाल्यांच्या पुस्तिकेत वॉर्निश ‘ऐच्छिक’ आहे. ते ऐच्छिक नाही.

हवेच्या भोकाबद्दल वेगळं लिहायलाच हवं. पोकळ बोर्डच्या आत हवा कोंडलेली असते. गॅरेजमधल्या वीस अंशांतून तो उन्हातल्या गाडीत गेला आणि पन्नासला पोचला, तर आतला दाब सुमारे दहा टक्क्यांनी चढतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण दर चौरस मीटरला तो एक टन भार झाला, आणि तो आतून डेक आणि तळ एकमेकांपासून सोडवायला बघतो. त्यासाठी पितळी स्क्रू आणि रबरी वॉशरवालं भोक असतं, किंवा हवा जाऊ देणारं पण पाणी अडवणारं पडद्याचं बूच. किटमध्ये स्क्रूवालं येतं. पाण्यातून बाहेर आलं की उघडायचं, पाण्यात जाताना बंद करायचं. मी लीशच्या वेल्क्रोलाच स्क्रूची चावी बांधून टाकली आहे. थोडे पैसे जास्त देऊन पडद्याचं मिळत असेल तर तेच मागून घ्या.

पाण्यात कसा आहे? बारा किलोच्या आत बसला. याच लांबीचा फोमचा बोर्ड सहा-सात किलोचा असतो, त्यामुळे पार्किंगपासून वाळूपर्यंत तो जाणवतो. पाण्यात मात्र ते वजन तुमच्या बाजूने येतं. वल्हवताना गती धरायला वेळ लागतो, पण धरलेली सोडत नाही. जेनेसच्या गुडघ्याएवढ्या लाटेवर फोमवाले थांबतात तिथे हा पुढे सरकत राहतो. वाऱ्याने खवळलेल्या पाण्यातही थरथरत नाही. वळवायला आळशी. उंच लाटेत किंवा गर्दीत नेऊ नका. सुटलेला बारा किलोचा बोर्ड कुणाच्या डोक्यात बसला तर त्याला लाकूड कोणतं होतं याचं कौतुक वाटणार नाही.

पैशांचा हिशोब: किट ७५०, हशील १४०, रेझिन, कापड, वॉर्निश, ब्रश, हातमोजे मिळून ३२०च्या आसपास. हीटरची वीज नवऱ्याने मोजली, मी नाही. चांगला फोमचा लाँगबोर्ड जवळपास याच पैशात दुकानातून मिळतो, म्हणजे पैसे वाचवायला हे करू नये. ज्यांना लाकूडकाम करायचंय पण रेझिनची धास्ती आहे, त्यांनी बांधून झालेला बोर्ड ग्लासिंग करणाऱ्या दुकानात द्यावा. मी चौकशी केली तिथे चारशे ते पाचशे सांगितले. मात्र आधी विचारा की ते लाकडावर इपॉक्सीचं काम करतात का. बहुतेकांचा हात फोमवर बसलेला असतो, आणि तापत्या-निवत्या लाकडाचा मुद्दा त्यांना नवा असू शकतो. मेनच्या किनाऱ्यावर आणि इंग्लंडात कॉर्नवॉलला शिकत शिकत बोर्ड बांधायचे आठवड्याभराचे वर्गही चालत आले आहेत; ते किटपेक्षा बरेच महाग, पण क्लॅम्प, हीटर आणि जाणता माणूस तिथे असतो.

किट घेणार असाल तर मागवण्याआधी तीन गोष्टी लिहून विचारा: आतल्या सगळ्या ठोकळ्यांची जागा नकाशात आहे का, हवेचं बूच कोणतं येतं, आणि ग्लासिंगची पुस्तिका आधी वाचायला मिळेल का. तिसऱ्याला ‘नाही’ आलं तर वेस्ट सिस्टीमची स्वतःची वापराची माहितीपुस्तिका फुकट मिळते, ती घ्या. मी ग्लासिंग शिकले ते तिच्यातूनच.

भारतातल्या नातेवाइकांपैकी दोघांनी विचारलंय की हे तिकडे मागवता येईल का. दहा फुटी खोक्याचा हशील किटच्या वर जाईल, त्यापेक्षा नुसता नकाशा घ्या आणि लाकूड तिथलं बघा. रेझिनचं गणित मात्र पूर्ण उलटं होतं. दर दहा अंशांना इपॉक्सीचा वेग साधारण दुप्पट होतो, म्हणजे मालवणच्या बत्तीस अंशांत माझी वीस मिनिटं दहावर येतात आणि नऊ फुटी डेक तेवढ्यात होत नाही. तिथे सावकाश धरणारं हार्डनर हवं. वेस्ट सिस्टीमचं २०९ उष्ण हवेसाठीच आहे. दमट हवेत वर मेणचट थर येतो, तो पाण्याने धुऊनच पुढे घासायचं. पावसाळ्यात नादच नको. डिसेंबर-जानेवारीत, दुपार उतरल्यावर सुरुवात केली तर लाकूडही आपसूक निवत असतं.

लाकडासाठी बाबांनी पांगारा सुचवला. मी हसले होते, पण मुद्दा बिनतोड निघाला. जुने हवाईयन लोक आपल्या सरदारांचे लांबलचक बोर्ड ज्या विलीविलीच्या हलक्या लाकडातून करत, ते झाड पांगाऱ्याच्याच कुळातलं, एरिथ्रिना. आणि सावंतवाडीची लाकडी खेळणी परंपरेने पांगाऱ्याची, म्हणजे ते कापणारे, रंधणारे हात तिथे आहेतच. शंका दोनच: कीड लागते, आणि ते सीडरपेक्षाही जास्त रेझिन पिईल असा माझा अंदाज आहे. बाबांनी दोन फळकुटं आणून सावलीत वाळत ठेवली आहेत. एकावर एक पातळ हात, दुसऱ्यावर दोन, आणि वर चार औंसाचं कापड, अशी चाचणी पुढच्या खेपेला करायची ठरली आहे. निकाल हाती आला की वजनासकट इथेच जोडते.